छताखालची चार बोटे

सुज्ञ आणि रसिक वाचकहो, प्रस्तुत कथेत मी आपणांस कारापूर गावातील एका गॅरेजवरच्या माळ्याची हकिगत निवेदन करणार आहे. तो माळा खेळाची खोली कसा झाला, त्याचे बसवलेले छत पुन्हा का उतरवावे लागले आणि त्या उतरवण्यातून दोन जिवांचे भाग्य कसे उजळले, हे सर्व यथाक्रम येईल. जागा लहान आहे. तथापि प्रेमास किती जागा लागते, हे ज्याने त्याने आपल्या अंतःकरणास विचारावे.

आश्विन महिन्यातील टळटळीत दुपार होती. कोरगावची ऋतिका साखळीहून आपल्या दुचाकीवरून घरी परतत होती. कारापूरचे वळण आले, आणि एका उघड्या फाटकातून गाडीचा एक जुना टायर एकटाच, कोणाच्याही संगतीवाचून, गडगडत रस्त्यावर आला. ऋतिकाने चपळाईने गाडी थांबवली, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी त्या भटक्याला अडवले.

"धरा! धरा तेका!" फाटकातून एक तरुण धावत येत होता.

"धरलंय. आता काय करू? घरी न्हेवू?"

"न्हेया. पण आधी मालकाक विचारा."

"मालक खंय आसा?" ऋतिकाने त्याच्या डोक्यावरून पलीकडे अंगणात नजर टाकली.

"हांगाच आसा," तो तरुण गंभीरपणे म्हणाला. "जरा खाली बघा."

ऋतिका खळखळून हसली... आणि हसता हसताच तिचे खांदे आपोआप आत ओढले गेले.

त्या तरुणाचे नाव साईश. देवाने त्याला उंची देताना हात आखडता घेतला होता. पण छाती काढून तो असा उभा राही, की त्याची उणीव पाहणाऱ्याच्या ध्यानी उशिरा येई. ऋतिकाचे उलटे होते. गावातील बहुतेक पुरुषांहून ती उंच. शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवले, लग्नसमारंभात मागच्या रांगेत उभे केले, आणि आईने तर "वाकून चल गो" हे शब्द जणू तिच्या कानात कायमचे ठेवून दिले होते. ठेंगण्या दारातून आत शिरताना माणूस जसे अंग चोरते, तशी ती मोकळ्या आकाशाखालीही चाले.

"टायर गावलो काय रे?" वरून आवाज आला. गॅरेजच्या माळ्यावर साईशचे वडील बाबाजी घामाने निथळत उभे होते.

बाबाजींचे एके काळी खाणीवर खनिज वाहणारे टिपर ट्रक चालत. खाणी बंद झाल्या, टिपर विकले गेले आणि गॅरेजमध्ये साईशच्या दोन पिकअप गाड्या आल्या. परंतु बाबाजींचे जुने ड्रायव्हर सोबती मात्र रोज सायंकाळी न चुकता येत, बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, कॅरम मांडत आणि चहावर चहा रिचवत. अखेर बाबाजींच्या पत्नी विनोदिनीबाई यांनी निर्वाणीचे सांगितले होते, "तुमची ही पलटण माळ्यार न्हेया. माजी बाल्कांव माका परत दिया!" म्हणून माळा रिकामा करण्याचे काम चालले होते, आणि त्यातूनच तो टायर पळाला होता.

"छताचां काम कोणाक दिलास?" माळ्याची खेळाची खोली होणार हे कळताच ऋतिकाने सहज विचारले. ती आपल्या मामाबरोबर, म्हणजे विठूमामाबरोबर, घरांची छते करण्याचेच काम करीत असे.

अशा रीतीने, पळून चाललेल्या टायराने काम मिळवून दिले.

काम सुरू झाले. कौलांखाली दुपारची धग अशी साचे, की भट्टीची आठवण व्हावी. बाबाजींचा आग्रह एकच, "छत जितकें खाली, तितकी खोली थंड." त्यांच्या घरात उंच माणूस नव्हते आणि कॅरम तर बसूनच खेळायचा, तेव्हा कोणाची हरकत असणार?

"तरी डोकी लागूक नको कोणाची," विठूमामा म्हणाले. "ऋतिका, हांगा तूच सगळ्यात उंच. भिंतीक लागान उभी रव. तुझ्या टाळयेर चार बोटां सोडतंय, म्हणजे झाला."

ती उभी राहिली, नेहमी राही तशी. मामांनी चार बोटे सोडून भिंतीवर खडूची रेघ मारली, आणि त्या रेघेवर पत्र्याच्या पट्ट्यांचा सांगाडा चढू लागला.

साईशला या दिवसांत माळ्यावर वरचेवर काम निघू लागले. कधी पाणी घेऊन, कधी गरम पोई, म्हणजे कोंड्याचे पाव, आणि भाजी घेऊन, तर कधी नुसताच तो जिना चढून येई.

"भिंतीक रंग खंयचो लावूया?" एकदा तिने विचारले.

"तुमका आवडता तो."

"खोली तुमची."

"रंग तुमचो."

"आनी मग तुमका नाय आवडलो तर?"

"बघत रवान," साईश म्हणाला, "आवडेपर्यंत."

ऋतिकाने तोंड फिरवून मापाची पट्टी उगाच गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. नदीच्या बाजूच्या खिडकीतून वारा आला आणि तिच्या कपाळावरची बट हलवून गेला. ती बट मागे सारावी असे साईशच्या मनात आले. त्याने हात उचललाही... पण तो आपल्याच डोक्यावरून फिरवून त्याने खाली घेतला. ऋतिकाने हे पाहिले होते. पाहिले नाही असे मात्र तिने दाखवले.

छताचे पांढरे बोर्ड बसले, दिवे लागले. बाबाजींना धीर कुठला! रंगाची वाट न पाहता त्यांनी कॅरम वर आणवला. एका बाजूस बाबाजी व विठूमामा, दुसऱ्या बाजूस साईश व ऋतिका, असा डाव रंगला.

"राणी घेवचें तुमच्यान जावचें ना," बाबाजींनी डिवचले.

ऋतिकाने स्ट्रायकर ठेवला, श्वास रोखला, बोट सोडले. राणी सुळकन भोकात गेली, आणि तिच्यामागून सोंगटीही! आनंदाच्या भरात ती भान हरपून ताडकन उभी राहिली, आणि तिचे डोके छतावर असे आपटले, की पांढऱ्या बोर्डाला थेट कोपऱ्यापर्यंत चीर गेली.

"आई गे!"

विनोदिनीबाई धावत बर्फ घेऊन आल्या. विठूमामा मात्र कधी छताकडे, कधी भाचीकडे डोळे फाडून पाहत राहिले. "अगो, मी चार बोटां सोडललंय! इतक्या दिसांत तू वाढलंस काय गो?"

सारेच पोट धरून हसले. साईश तेवढा हसला नाही. बर्फ डोक्याला लावून, खांदे आत ओढून, मान खाली घालून ऋतिका बसली होती, तिच्याकडे तो पाहत होता.

"मामानु, माप चुकूक नाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी माप घेतलास, तेव्हा ती वाकान उभी होती."

हसणे थांबले. ऋतिकाचे कान लाल झाले.

"सवय आसा माजी," ती पुटपुटली.

"कोणी लायली?"

"सगळ्यांनी..."

मग, का कोण जाणे, कोणासही न सांगितलेले ती सांगून बसली. "येत्या आयताराक माका बघूक येतत. पणजेत नोकरी आसा तेका. मी तेच्यापेक्षा उंच आसंय. आई म्हणता, चाय आधीच मेजार ठेवूया, तू आपली खुर्चेर बसानच रव. लग्न ठरल्यार कळला तरी चलात."

"आनी संसार?" साईशने विचारले. 'तुमी' कुठल्या कुठे गळून पडले. "तोय बसानच करतलंस?"

साईश वडिलांकडे वळला. "बाबा, हें छत काढूया. वर घेवूया."

"पिशें लागलां रे तुका? आमच्या घरांत कोणाचें डोकें लागता थंय?"

"हिचें लागता."

"ती काम सोपलें की जातली मरे!"

"ती जावची न्हय..." साईश अडखळला. "ती जावची न्हय, म्हणानच सांगतंय."

विनोदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. "आरे बाबा, देवळांत जोडी उभी रवली की लोक हासतले!"

"हासूंदे. म्हणतले, साईशाक उन्हात सावली गावली."

ऋतिकाने बर्फ खाली ठेवला आणि कोणाकडेही न पाहता जिना उतरली. तिने दुचाकी सुरू केली. मागे वळून पाहण्याचे धैर्य तिला झाले नाही. पाहिले असते, तर कदाचित गाडी पुढे गेलीच नसती.

रविवार उजाडला. पणजीचा मुलगा आला. मुलगा सालस होता, त्याला नावे ठेवण्याजोगे काही नव्हते. चहा मेजावर आधीच मांडलेला होता. ऋतिका खुर्चीत बसली होती, आणि मागे उभ्या आईचा हात तिच्या खांद्यावर होता... मायेचा आणि दाबाचाही.

"चेडू बरी आसा. फोटोपेक्षा बरी," मुलाची मावशी म्हणाली.

ते शब्द ऐकले मात्र, आणि ऋतिकाला वाटले, या खुर्चीत बसलेल्या मुलीलाच जर यांनी पसंत केले, तर आपण जन्मभर कुठे राहायचे? तिने आईचा हात अलगद बाजूला केला आणि ती उठली. सावकाश. खांदे मागे, मान सरळ. पाहुण्यांची तोंडे तिच्याबरोबर वर वर होत गेली.

"माका माफ करा," ती म्हणाली. "बसान तुमका फसवूचा नाय, आनी वाकान माका जगूचा नाय."

पाहुणे गेले. स्वयंपाकघरात आई पदर डोळ्यांना लावून पुष्कळ रडली. मग नाक पुसून तिने विचारले, "कोण आसा गो तो?"

आईपासून काय लपणार! "तेच्याकडे बघूक माका मान खाली करूची लागता."

"म्हणजे... बुटको?"

"होय."

"आनी तेका चलता?"

"आई, माज्यासाठी तेनी छत काढूक सांगला."

लेकीच्या केसांपर्यंत हात पोचावा म्हणून आई प्रथमच टाचा उंचावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ऋतिका कारापूरला आली. विठूमामा खाली बाबाजींबरोबर चहा घेत होते. माळ्यावर साईश एकटाच, बाबाजींनी कुरकुरत का होईना होकार दिल्यावर उतरवलेले बोर्ड एकावर एक रचत होता. कौलांवर बारीक पाऊस वाजत होता.

"आयलंस?" त्याच्या हातातील बोर्ड तसाच राहिला.

"कामार आयलंय. छत वर घेवचां आसा मा?"

"आसा..." त्याने बोर्ड थप्पीवर ठेवला. "आयताराचां काय झाला?"

"उभी रवलंय."

त्या दोन शब्दांचा अर्थ उमगण्यास साईशला अंमळ वेळ लागला. आणि उमगताच तो मटकन बोर्डांच्या थप्पीवर बसला.

"आता तू कित्याक बसलंस?"

"पायांत बळ नाय."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला आणि उठला. परंतु सोडला नाही. आयुष्यभर जो आपल्याविषयीची प्रत्येक थट्टा दुसऱ्याच्या आधी स्वतःच करून मोकळा होई, त्याच्या चेहऱ्यावर आज थट्टेचा मागमूस नव्हता.

"ऋतिका, मी तेव्हा बोललंय ता बोललंय. पण लोक खरेच हासतले. देवळात, बाजारात, लग्नांनी. माका सवय आसा. तुका... सोसतला?"

"तू हासणाऱ्यांच्या मधी सरळ कसो उभो रवतंस, ता मी रोज बघलंय," ती म्हणाली. "माका शिकय."

"आनी छत?" खालून बाबाजींचा आवाज आला. "खंयसर न्हेवचें, तें ठरलें काय नाय?"

"आढ्यापर्यंत, बाबा!" साईश ओरडला.

"थंड जावचें ना मरे!"

"पंखो लावूया!"

खाली विनोदिनीबाई काहीतरी बोलल्या आणि हसल्या. ऋतिकाही हसली. त्याच्या वर उचललेल्या चेहऱ्याकडे पाहत ती हळूच म्हणाली, "मान दुखात तुझी... जन्मभर असो वर बघून."

"दुखूंदे," साईश म्हणाला. "इतकी वर्सां खाली बघून तुझी दुखलीच मा? आता पाळी माजी."

वाचकहो, निवेदन येथे पूर्ण झाले. आपण आपला बहुमोल वेळ देऊन ही साधी हकिगत वाचलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे. लेखनात काही उणे राहिले असल्यास ते पदरात घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला,
बाबुराव सगुण माजिक
कारापूर