‘येतो’चं उत्तर

पंचफुलाकाकूंचा मोबाइल परत द्यायला मी दिवेलागणीच्या जरा आधी निघालो. उंद्रीच्या बसथांब्याशेजारी माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घरपोच वस्तू द्यायची माझी रीत नाही. एकाला दिली की सारं गाव डोक्यावर बसतं. पण काकूंची गोष्ट वेगळी होती. पोळ्यानंतर त्यांचा एकुलता एक गोविंदा मालाची गाडी घेऊन मेहकरकडे निघाला आणि वाटेतच अपघातात गेला. तेव्हापासून काकू घराबाहेर पडायच्या त्या फक्त माझ्या दुकानात यायला.

त्या मोबाइलमध्ये एकच व्हिडिओ होता. मोबाइल गोविंदानेच नवा घेऊन दिलेला, आणि त्या सकाळी काकू व्हिडिओ काढायला शिकत होत्या. गोविंदा दारात उभा आहे, खांद्यावर दुपट्टा. तो हसतो, “येतो माय,” म्हणतो आणि वळून उंबरठा ओलांडतो. बस, एवढंच.

आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो, आणि घरच्याने ‘ये’ म्हणायचं असतं. काकूंचं ते ‘ये’ व्हिडिओत कुठेच नव्हतं.

“तो लाल ठिपका लुकलुकते का नाही, तेच पाह्यत बसली मी,” पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्या म्हणाल्या. “त्याच्याकडे पाह्यलंच नाही रे. मंग ‘ये’ राहून गेलं.”

त्यांची तक्रार अशी, की व्हिडिओत गोविंदाचा आवाज आधी येतो आणि ओठ मागून हलतात. मी तो दुकानातल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, पुन्हा पुन्हा तपासला. आवाज आणि ओठ अगदी बरोबर होते.

“काकू, मोबाइलमधी काही बिघाड नाही,” मी म्हणालो. “माणसाचं ध्यान जिकडं असते ना, ते त्याले आधी झाल्यासारखं वाटते. तुमी आवाजाची वाट पाहून राह्यल्या, म्हणून आवाज आधी येते. त्याच्या ओठाकडे पाहा बरं.”

त्यांनी पाहिलं. जुळलं. मला वाटलं खूश होतील, तर त्यांचे डोळे भरून आले.

“नोको बाबू, असं नोको. आवाज अन् ओठाच्या मधात जराशी फट राह्यते. तिच्यातच मले ‘ये’ म्हणायचं हाय. जुळलं की तो वळून चालला जाते.”

फुटकी काच बदलायची अवजारं माझ्याकडे आहेत, याची नाहीत. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर मला रडू आवरेना, तेव्हा चहाचं निमित्त करून मी बाहेर गेलो.

पुढे काकू येत राहिल्या. फट वाढते आहे म्हणायच्या. “आता त पदर सावरू शकते, एवढी.” मी हो ला हो करायचो. दुःखातल्या माणसाशी वाद घालून कोणाचं भलं झालंय? मग बॅटरी फुगली म्हणून मोबाइल माझ्याकडे आला, आणि मी नवी बॅटरी घालून तो बंदच खिशात टाकून निघालो होतो.

गल्लीत लाइट गेलेली. मळणीनंतर उरलेल्या सोयाबीनच्या ओल्या कुटाराचा कुबट वास सगळीकडे. काकू दिवा लावून दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. समोर दोन ताटं वाढलेली. मी दाराला पाठ करून टेकलो आणि खिशात हात घातला.

“येतो माय...”

आवाज खिशातून आला, असं मी स्वतःला सांगितलं. मोबाइल हातात गार लागत होता.

“ऐकलं?” काकू हळूच म्हणाल्या. “आज फट लय मोठी हाय.”

“काकू... मोबाइल बंद हाय.”

“माहीत हाय मले. मांगं नोको पाहू, अविनाश. तुह्यं ध्यान लागलं त तो आधी तुलेच दिसन. मले पाहू दे... त्या दिशी माह्यं पाहणं राह्यलं.”

मी दिव्यावर नजर रोवली. पाठीमागे उंबरठ्याशी कोणीतरी चपला काढल्या. एक पडली... मग दुसरी. कुटाराच्या वासात डिझेलचा वास मिसळला.

“ये,” काकू म्हणाल्या. “ये माह्या बाबा.”

भीती होतीच, पण खरं सांगतो, त्या आवाजातल्या मायेने माझं काळीज पिळवटून निघालं. मोबाइल तिथेच ठेवून मी मागच्या दाराने बाहेर पडलो. वळून पाहिलं नाही.

सकाळी शेजारच्या शालूबाई बोलवायला आल्या. काकू तशाच बसलेल्या होत्या, दाराकडे तोंड करून, शांत. जीव केव्हाच गेला होता. दोन्ही ताटं उष्टी होती.

तेरावं झाल्यावर, काकूंची आठवण म्हणून मी दुकानातला तो व्हिडिओ लावला. गोविंदा दारात उभा. “येतो माय.” तो वळला, पण बाहेर गेला नाही, थांबला. मग पदर सावरत काकू चौकटीत आल्या आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. व्हिडिओ तर काकूंनी काढला होता. मोबाइल त्यांच्याच हातात होता.

उंबरठ्याशी त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

“येते रे, अविनाश...”

आवाज आला. ओठ मिटलेलेच होते. मी कॉम्प्युटरची वायर उपटली आणि शटर ओढून घरी गेलो.

वायर अजून तशीच लोंबते आहे. तरी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो आवाज येतो. निघालेल्या माणसाला ‘ये’ म्हणावं, हे मला लहानपणापासून शिकवलंय, ते आपोआप ओठांवर येतं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसतो, आणि काकू माझ्या ‘ये’साठी उंबरठ्याशी थांबून राहतात.