जाऊन येतो

वारा सुटला की तोझाई लाईनची लोकल बंद पडते. त्यामुळे आज ऑफिसं लवकर सुटली, तुम्ही सगळे वेळेवर घरी आलात आणि मी डबे द्यायला आलो तो इथेच अडकलो. असू दे. चहा ठेवलाय, घ्या.

प्रसन्न, तू मघाशी जयेशला काहीतरी विचारत होतास, ते मी भांडी आवरताना ऐकलं. ते टीव्हीवरच्या मुलीशी गप्पा मारायचे खेळ असतात ना, व्हिज्युअल नॉव्हेल का काय म्हणता तुम्ही, त्यातला पहिल्यांदा कुठला घ्यावा म्हणून. मला त्यातलं काही कळत नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस, इथे जपानात निशी-कसाईत पोळ्या लाटतो. पण असाच पहिला खेळ निवडणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा होता. त्याचं काय झालं ते सांगतो, मग तुझं तू ठरव. तो वरचा दिवा तेवढा घालव. डोळ्यांवर येतो.

दोन वर्षं झाली. अवधूत नाव त्याचं, पुण्याचा, बँकेच्या प्रोजेक्टवर आलेला. जयेश त्याला ओळखतो, एकाच ऑफिसात होते. ओजिमाला त्या उंच सरकारी इमारती आहेत ना, तिथे आठव्या मजल्यावर एकटा राहायचा. बायको अश्लेषा आणि तीन वर्षांची चैत्राली कोल्हापूरला, अश्लेषाच्या माहेरी. दोघींचा व्हिसा झाला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशीची तिकिटं काढली होती.

आता घरची मंडळी येणार म्हटल्यावर याला काळजी पडली ती भाषेची. ऑफिसातलं जपानी त्याला जमायचं. पण बालवाडीच्या बाईंशी काय बोलायचं, डॉक्टरला काय सांगायचं, शेजारणीने काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हे पुस्तकात नसतं. त्याच्या ऑफिसात ओकादा-सान म्हणून एक होते. मी तेव्हा दुपारी एका हॉटेलात स्वयंपाक करायचो, तिथे दोघे जेवायला यायचे. त्यांनी याला सुचवलं की तू ते खेळ खेळ. त्यात माणसं घरात बोलतात तशी बोलतात.

आणि कुठला घ्यायचा तेही नीट समजावलं. प्रत्येक वाक्य आवाजात बोलून दाखवणारा घे, म्हणजे कान तयार होतो. आपण बटण दाबेपर्यंत पुढे न सरकणारा घे. माणसं थोडी असलेला घे. आणि पहिल्याच खेळात चार मुलींना शब्द देत बसू नकोस, एकीचीच गोष्ट शेवटपर्यंत ने. यावर जयेश म्हणाला होता, "म्हणजे लग्नासारखंच की हो." सगळे हसले. वहिनी यायच्या आत दुसरी बघून घे म्हणून अवधूतला चिडवणंही झालं.

तर तो एका रविवारी अकिहाबाराला गेला. मोठमोठी दुकानं, भिंतभर खेळ, प्रत्येकावर मोठ्या डोळ्यांच्या मुली. नवे खेळ त्याला अवघड वाटले. शेवटी एका दुकानात जुन्यांच्या टोपलीत त्याला एक डबी मिळाली. तिच्यावर मुलगी नव्हती. एका जुन्या घराचं दार होतं, अर्धं उघडं. दुकानदाराने खेळ लावून दाखवला. आवाज होता, घाई नव्हती, माणसं थोडी. ओकादा-साननी सांगितलेलं सगळं त्यात बसत होतं.

दुसऱ्या दिवशी ओकादा-साननी ती डबी उलटसुलट करून पाहिली. त्या माणसाला असे सगळे खेळ माहीत. हा त्यांनी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, असेल कुणीतरी घरच्या घरी बनवलेला. इथे बनवतात तसे.

खेळ साधा होता. संध्याकाळची वेळ. आपण त्या घराचं दार वाजवायचं. एक मुलगी दार उघडते. दिवस कसा गेला विचारते, जेवलास का विचारते. दुसरं कुणी बोललं की त्याच्या वाक्याच्या वर त्याचं नाव यायचं. तिच्या वाक्यावर नावाची जागा रिकामी असायची. बोलणं संपलं की ती आपल्याला सोडायला दारापाशी येते आणि आपण निरोपाचं वाक्य निवडायचं. तीन वाक्यं. पहिली दोन परक्या माणसाची, आपला वेळ घेतला, आता निघतो, अशी. तिसरं होतं 'इत्तेकिमास'. अवधूतने डिक्शनरीत पाहिलं आणि खूश होऊन मला सांगायला आला. त्याचा अर्थ, जाऊन येतो. "काका, यांच्यातही आपल्यासारखंच आहे बघा. नुसतं 'जातो' म्हणत नाहीत."

आपल्याकडे कुणी 'जातो' म्हटलं की आई पाठीत धपाटा घालते. लहानपणापासूनचं वळण. तो रोज तिसरंच वाक्य दाबायचा.

ओकादा-सान समोरच जेवत होते. त्यांनी ते ऐकलं आणि चमचा खाली ठेवला. म्हणाले, ते वाक्य घरचं माणूस म्हणतं. स्वतःच्या घरातून बाहेर पडताना. पाहुण्याने तसं म्हणायचं नसतं. म्हटलं तर तो पाहुणा राहत नाही, त्याला परत यावं लागतं. मग स्वतःच हसले. खेळच तर आहे, म्हणाले.

त्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. अवधूत उशिरा कामावरून आला, दार उघडलं, आणि आतून बाईचा आवाज आला. ओकाएरि. घरचं माणूस परत आलं की इथे तसं म्हणतात, आपण 'आलास?' म्हणतो तसं. त्याला वाटलं टीव्ही चालू राहिला. टीव्ही बंद होता.

दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी त्याने प्लग काढून ठेवला आणि मग कामाला गेला. रात्री आल्यावर... ओकाएरि.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी घाबरलो. तो घाबरलेला नव्हता. मला म्हणाला, "काका, दिवसभर राबून रिकाम्या घरात शिरून बघा एकदा. कुणीतरी 'आलास' म्हणतं... तेवढं पुरतं हो."

मीही इथे एकटाच राहतो. पण खेळ पुढे सरकत नव्हता. रोज तीच संध्याकाळ, तेच दार. शेवट येतच नव्हता.

मग एक दिवस त्याने माझा रात्रीचा डबा बंद केला. म्हणाला, घरी जेवतो. मला बरं वाटलं, पोरगा स्वतः करून खायला लागला. पण तो वाळत चालला होता. गालफडं बसली. आणि मला आठवलं, त्याच्याकडे गॅसची जोडणीच नव्हती. शेगडी नव्हती, भांडं नव्हतं.

मग तो जेवत काय होता?

तीन ऑक्टोबर, सोमवार. सर्वपित्री अमावस्या. दुपारी हॉटेलात माझ्यासाठी फोन आला. कोल्हापूरहून, अश्लेषाचा. त्याने तिला तिकिटं पुढे ढकलायला सांगितली होती. कधीपर्यंत ते सांगत नव्हता. कारण सांगत नव्हता. ती रडत नव्हती, फार हळू बोलत होती. शेजारी पोर काहीतरी बडबडत होती.

"काका, खरं सांगा. तिथे कुणी आहे का? मी फोन केला की मागून एक बाई त्याला हाक मारते. जेवायला बोलावते. आणि हा फोन ठेवून देतो."

मी म्हटलं, नाही गं पोरी, कुणी नाही. म्हटलं खरं.

ओकादा-सानना सगळं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, त्याला पाहुण्यासारखा निरोप घ्यायला लावा. पहिल्यांदाच घ्यायला हवा होता तसा. बाकी त्यांनाही काही माहीत नव्हतं.

रात्री अकरानंतर मी ओजिमा स्टेशनबाहेर उभा राहिलो. अवधूत जिन्याने वर आला. मला बघून ओशाळला. वाटेत मी त्याला अश्लेषाचं विचारलं. तो चालता चालताच म्हणाला.

"त्या दोघी आल्या तर राहणार कुठे, काका? घर भरलंय."

वर पोचलो. लांबलचक व्हरांडा, एका ओळीत दारं, माणूस कुणी नाही. त्याने किल्ली फिरवली. दार उघडलं. आत काळोख.

आणि मी ऐकलं.

अगदी हळू. दमून आलेल्या माणसाशी बोलावं तसं. ओकाएरि.

आवाज टीव्हीचा नव्हता. टीव्ही खोलीत उजवीकडे होता. हा डावीकडून आला... स्वयंपाकघरातून. तिथे काही नव्हतं. नुसता ओटा.

आम्ही पायातलं काढून आत गेलो. मी दिवा लावू लागलो तर त्याने माझा हात धरला. नको, म्हणाला. तिला उजेड आवडत नाही. मी टीव्हीपाशी बसलो, चाचपडत प्लग लावला. म्हटलं, बाबा, चालू कर. आज पहिलं वाक्य दाबायचं. पाहुण्याचं.

खेळ सुरू झाला. संध्याकाळ. दार. ती मुलगी. मी पहिल्यांदाच बघत होतो तिला. साधी होती हो. केस मागे बांधलेले. दिवस कसा गेला, तिने विचारलं. जेवलास का, विचारलं.

मग ती दारापाशी आली. तीन वाक्यं आली.

त्याचा अंगठा तिसऱ्यावर गेला.

"अवधूत."

"काका, घरातून निघताना 'जातो' कसं म्हणू?"

"हे घर तुझं नाही, बाळा. तिकडे पोरगी वाट बघतेय. म्हण."

त्याचे दात वाजत होते. मला ऐकू येत होतं.

माझ्या मागे कुणीतरी आलं.

मी वळलो नाही... चटई दबली. श्वास नव्हता. फक्त शिजलेल्या भाताचा वास. गरम भाताचा.

मी मनात म्हटलं, बाई, तुझा काही दोष नाही. या पोराने शब्द दिला, अजाणता दिला. सोड त्याला.

अंगठा सरकला. वर. आणखी वर.

त्याने दाबलं.

...

पडद्यावरची मुलगी काही बोलली नाही. वाक्याची जागा रिकामी. ती बघत होती. मग वाकली. इथले लोक निरोप देताना वाकतात तशी. कमरेतून, खोल.

वाकलेलीच राहिली.

आम्ही वाट पाहिली. ती वर आली नाही. चेहरा पुन्हा दिसलाच नाही.

वास गेला होता.

मी अवधूतचा हात धरून त्याला उठवलं. तो लहान पोरासारखा उठला. ती रात्र तो माझ्या खोलीवर झोपला, डबाभर जेवून झोपला. त्या घरात पुन्हा गेला नाही, सामान जयेशने आणि ओकादा-साननी काढलं. अश्लेषा आणि चैत्राली ठरल्या दिवशी आल्या. निशी-कसाईत घर घेतलं, आता पोर बालवाडीत जाते, माझ्याशी जपानी बोलते आणि मला कळलं नाही की हसते. सगळं छान आहे.

फक्त त्या रात्री दारातून बाहेर पडताना मी एक पाहिलं. अवधूतला कधी सांगितलं नाही.

तुम्हाला माहीत आहे, इथे पाहुणा घरात आला की घरची बाई मागून त्याचे बूट दाराकडे वळवून ठेवते. निघताना त्याला नुसते पाय घालता यावेत म्हणून. अवधूतला ते वळण कधी लागलं नाही. त्या रात्रीही त्याने बूट घाईत काढून फेकले होते, एक इकडे, एक तिकडे. आता ते शेजारी शेजारी होते. दाराकडे तोंड करून. लेस सैल सोडलेल्या. तो त्यात पाय घालून बाहेर गेला, त्याचं लक्षही गेलं नाही.

मला इथे बरीच वर्षं झाली. मी चपला काढल्या की स्वतःच दाराकडे वळवून ठेवतो. त्या रात्रीही ठेवल्या होत्या. मला पक्कं आठवतं.

त्या कुणीतरी फिरवल्या होत्या.

आत तोंड करून.

मी त्या पायात घातल्या नाहीत. उचलून हातात घेतल्या आणि आठ मजले अनवाणी उतरलो.