गरम प्लग

मेस्त्रींची जीभ तिखट आणि नाक त्याहून तिखट. इंजिनातून काढलेला, ठिणगी पाडणारा प्लग नुसता हुंगून ते गाडीचं दुखणं सांगत. कोरडी काजळी असली तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेल असलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. त्यामुळे जावयानं कुणाकडून तरी जुनी मोटरसायकल आणून परस्पर मुलीला दिली, तेव्हा ते चांगलेच फुरंगटले.

"चालता चालता गुदमरते हो बाबा," मुलगी गाडी ढकलत गॅरेजात आली. "जरा लांब गेलं की बंदच."

"जावईबापूंनी आधी मला विचारलं असतं, तर काय नाक कापलं गेलं असतं त्यांचं?" असं म्हणत त्यांनी प्लग काढला.

टोकावर पिवळट थर होता. तेल नव्हतं ते. बोट लागताच सायीसारखा सरकला. वास तर न धुतलेल्या तोंडाचा. मेस्त्रींनी फडक्यानं पुसलं, तर थराबरोबर नखाचा तुकडा निघून आला. पातळ, गुलाबी, माणसाचा.

त्यांनी फडकं कोळशाच्या शेगडीत टाकलं. पुन्हापुन्हा साबण लावूनही दुपारी घास घशाखाली उतरेना.

खरं तर इंजिन उघडायला हवं होतं. पण त्या घाणीत पुन्हा हात घालायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी गरम जातीचा प्लग बसवला. त्याचं टोक चालताना जास्त तापतं आणि साचलेलं जाळून टाकतं. इतर कुणी दुखणं न शोधता असा प्लग मारला, की मेस्त्री त्याची सालटी काढत.

गाडी सुसाट सुटली. एका किकमध्ये चालू, चढावर दम लागणं नाही, बंद पडायचं नाव नाही. जावई भेटेल त्याला सासऱ्याच्या हाताची तारीफ सांगू लागला. मेस्त्रींना मात्र ती गाडी दारात आली की मळमळायचं. धुराला जळक्या नखांचा वास येई. तो मिशीत बसे, चहात उतरे.

शेवटी मुलगी एकदा दुपारी आली, तेव्हा त्यांनी न विचारताच प्लग काढला. कोरडा, बिस्किटाच्या रंगाचा. इतका स्वच्छ प्लग त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

जुन्या प्लगवर घाण साचे आणि गाडी थांबे. आता थांबवणारं काहीच उरलं नव्हतं.

मुलीनं पाण्यासाठी हातमोजे काढले. मेस्त्री पेल्याभोवतीच्या तिच्या बोटांकडे बघत राहिले. टोकापर्यंत नुसती गुळगुळीत कातडी. त्यांना ओकारी आली, आणि पोटच्या पोरीची किळस आली म्हणून स्वतःची लाजही वाटली.

"नखं कुठं गेली तुझी?"

ती हसली. "काहीतरीच काय, बाबा. मला कधी होती नखं?"

"ही गाडी इथंच राहील. आज इंजिन उघडतो."

"छे! उशीर होतोय मला."

"प्लग माझ्या हातात आहे. चालू कशी करशील?"

तिनं हातमोजे चढवले आणि किक मारली.

इंजिन एका किकमध्ये चालू झालं.

गाडी कोपऱ्यावरून वळली. आवाज लांब लांब गेला. मेस्त्रींच्या मुठीत प्लग हळूहळू तापू लागला.