ड्रमविना नववं गाणं

भावाचे ड्रम न्यायला ती स्टुडिओत शिरली आणि दारातच एका उंच माणसावर आदळली. त्याच्या हातातला चहा तिच्या बाहीवर सांडला.

"माफ करा हं..."

"दात कधी तुटला?" तिच्या तोंडून निघून गेलं. ती कवळ्या बनवायची. माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचे दात दिसत.

तो ओशाळून हसला, तोंडावर हात धरून. "मला वाटलं, आधी नाव विचाराल."

विचारायची गरज नव्हती. प्रभूची गाणी रॉकच्या दणदणाटात, रॅपच्या फैरींत म्हणणारा हाच तो बँडचा गायक, दोस्तांमध्ये 'पाद्री'. तीन महिन्यांपूर्वी कार्यक्रमाहून परतताना गाडी हाच चालवत होता. गाडी झाडावर आदळली आणि शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ, बँडचा 'ठोक्या', जागच्या जागी गेला. वाटभर ती शिव्यांची उजळणी करत आली होती. आता एकही आठवेना.

"आठ गाणी त्याने वाजवून ठेवलीत," पाद्री म्हणाला. "नववं राहिलंय. ड्रम थोडे दिवस इथेच... ठेवाल? पहिलाच अल्बम आमचा."

"मी समोर बसणार. त्यांना कोण हात लावतं, बघायचंय मला."

रोज संध्याकाळी ती येऊ लागली, नखांत प्लास्टरचा पांढरा चुरा घेऊन. तो तिच्या कानांवर हेडफोन ठेवी. गाणं सुरू व्हायच्या आधी भावाचा आवाज यायचा – "एक, दोन, तीन..." तिचे डोळे भरले की पाद्री न सांगता पाठ फिरवून उभा राही.

"एवढ्या वेगात बोलताना जीभ चावत नाही?" तिने एकदा विचारलं.

"चावते ना. म्हणून तर एक दात कमी केला."

ती खळखळून हसली... आणि दुसऱ्याच क्षणी चरकली. घरी आई भावाचा शर्ट उशाशी घेऊन झोपते, आणि आपण इथे हसतोय!

नववं गाणं क्षमेवर होतं. एकाच ओळीपाशी पाद्रीचा आवाज पुन्हा पुन्हा अडायचा. शेवटी त्याने हेडफोन काढला.

"तुम्हाला सांगायला हवं... मला डुलकी लागली होती. गाडी मी–"

"माहीत आहे. पोलिसांच्या कागदात वाचलंय."

"तरी रोज येता?"

"आधी चीड यायची, म्हणून यायचे. आता..." ती घुटमळली. "आता तुम्ही दिसला नाहीत तर चैन पडत नाही. माफ मात्र केलेलं नाही. जमेल की नाही, ठाऊक नाही."

"माफी मागायचं धाडस नव्हतं माझ्यात," तो पुटपुटला. "आणि प्रेम आहे म्हणायचं... ते तर त्याहून नव्हतं."

तिने त्याचा हात हातात घेतला.

नववं गाणं ड्रमविनाच निघालं. अल्बम आला त्या दिवशी ती त्याला घरी घेऊन गेली.

आईने अल्बमकडे पाहिलंही नाही. "शेवटचं काय बोलला तो?"

"म्हणाला, तू दमलायस, गाडी मी चालवतो." पाद्रीची मान वर होईना. "मी... दिली नाही."

आई भिंतीला धरून खाली बसली. ती धावली, पण आईने हातानेच तिला थांबवलं.

"उद्या ये," आई त्याला म्हणाली. "आज माझ्याच्याने आणखी ऐकवणार नाही."