उसवलेला दोरा

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात त्यांच्या आईचा एक नियम होता: उसवलेला दोरा फेकायचा नाही, रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून ठेवायचा. आई जाऊन वर्षं झाली, तरी तिचं उसवायचं पातं मशीनच्या खणात तेल लावून ठेवलेलं असे. सुनेचं शिवण तिनं हयातभर उसवलं. "सासूबाईंचा माझ्या टाक्यांवर भारी डोळा!" मास्तरांची बायको हसून म्हणायची.

तीच बायको आता दवाखान्यात होती. कितीतरी वर्षं तिचं घरीच पोटाचं डायलिसिस चालायचं. नळीनं पोटात पाणी सोडायचं, काही वेळानं काढून टाकायचं. आणि आता पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, घोटभर पाणीही उलटून पडत होतं.

"इतक्या वर्षांत आतड्यांवर जाड पांढरं आवरण चढलंय," सर्जनबाई म्हणाल्या. "त्यात आतडी आवळली गेलीत. सोलून काढावं लागेल. आतड्याला भोक पडलं, तर मात्र कठीण आहे."

"म्हणजे उसवायचंच की," मास्तर कसेबसे म्हणाले. "आज आई हवी होती."

सकाळी तिला आत नेलं. संध्याकाळ होईल म्हणाले होते, पण बाई दुपारीच बाहेर आल्या. मास्तर बाकावरून उठले.

"वाचली!" बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "या पोटाचं आधी कुठे ऑपरेशन झालंय का हो?"

"नळी बसवली तेवढंच. का?"

"आवरण निम्म्याहून जास्त सुटलेलंच होतं. एकाआड एक टाका कापावा, तसं. आतड्याला ओरखडासुद्धा नाही."

काही दिवसांनी बायको खाटेवरून ओरडली, "अहो, वारा सरला!" एरवी चारचौघांत मान खाली घालायला लावणारी गोष्ट, पण अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. आतडी चालू झाली होती!

"जिंकलीस गं बये!" मास्तर रडता रडता हसत सुटले.

तिनं त्यांना जवळ ओढलं. "गुंगीत कुणीतरी पोटावरून नख फिरवत होतं. टाक्यांची भोकं बुजवायला सासूबाई फिरवायच्या ना, तस्सं. मी म्हटलं, उसवा, आज हवं तेवढं उसवा."

मास्तर शीळ घालतच दुकानात आले. खण ओढला.

पातं जागेवर होतं. तेल पुसलेलं.

शेजारच्या रिकाम्या बॉबिनवर काहीतरी पांढरं, नेटकं गुंडाळलेलं होतं.

त्यांनी बोट लावलं. तो दोरा नव्हता.

ओलं होतं. अजून कोमट.