कैलासचा शेवटचा मेसेज

"ताई, मी चोर न्हाई," म्हणत हौशीराम खुर्चीच्या कडेला टेकला.

तुंगार्लीतल्या एका बंगल्याचा तो जुना राखणदार. शनिवारी दुपारी पंपवाला म्हणून आलेल्या माणसाला त्यानं किल्ली दिली आणि देव्हाऱ्यातली चांदीची अन्नपूर्णा गेली. आज संध्याकाळी मालक सुहास त्याचं नाव पोलिसांत देणार होता.

"किल्ली कुनाला देऊ नको, असा सायबांनी सकाळीच मेसेज केलता म्हनं. मला आलाच न्हाई. पन रविवारी सांजच्याला सायबांनी फोन उघडला, तर त्यात हाय!"

खासगी गुप्तहेर राजेश्वरीनं त्याचा बटणांचा फोन घेतला. कोपऱ्यात पाकिटाची खूण लुकलुकत होती.

"ती लय दिसांची हाय. माज्या कैलासचे मेसेज हायेत, एक बी पुसला न्हाई." कैलास त्याचा मुलगा, खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर असताना वारलेला. "शेवटचा, 'आबा, सकाळी येतो.' उघडून बगायची छाती व्हत न्हाई."

"त्याआधी रविवारी दिवसभर फोन कुठं होता?"

"मॅनेजर बाजीरावांकडं. त्यांनी काढून घेतलता."

राजेश्वरीनं मदतनीस अमृताला त्या फोनवर मेसेज करायला सांगितलं. तो आला नाही.

"रेंज नसेल," अमृता म्हणाली. तिचं पहिलं उत्तर नेहमी चुकतं, पण ती ते मोठ्या हौसेनं देते.

राजेश्वरीनं फोन उघडला. वर सुहासचा मेसेज, शनिवार सकाळचा. त्याच्या खाली कैलासचा, "आबा, जेवलात का?" तिनं खालपर्यंतचे सगळे मेसेज पाहिले.

बंगल्यावर सुहास तापलेलाच होता. "बाजीरावसमोर मेसेज पाठवला मी. तो वाचूनही किल्ली देतो म्हणजे सामील आहे!"

"फोन दिवसभर माझ्याजवळ होता, पण मी उघडलासुद्धा नाही," बाजीराव म्हणाला. "संध्याकाळी साहेबांनीच सगळ्यांसमोर उघडला."

"अमृता, या मेसेजचा फोटो काढ," राजेश्वरी म्हणाली आणि तिनं सुहासचा मेसेज पुसून टाकला.

फोन लगेच वाजला. अमृताचा मेसेज! वेळ मात्र मघाची, पाठवल्याची.

"म्हणजे रेंज होती?" अमृता म्हणाली.

"जागा नव्हती. ती लुकलुकती खूण त्याचीच. फोन भरला की नवा मेसेज कंपनीकडे थांबतो, एक पुसला की आत येतो. साहेबांचाही असाच थांबला होता. शनिवारी आबांना तो मिळालाच नाही. नंतर कुणीतरी एक पुसला, म्हणून तो आला आणि फोन पुन्हा भरला. आबा स्वतःवर बालंट आणायला पोराचा मेसेज पुसतील? साहेबांनी फोन सगळ्यांसमोर उघडला. त्याआधी तो एकट्या बाजीरावांकडे होता."

बाजीरावचा चेहरा उतरला. "मूर्ती सोमाटण्याला आहे, माझ्या घरी," तो पुटपुटला. "पंपवाला मीच पाठवला होता."

हौशीरामला मूर्तीचं काही नव्हतं. "ताई, पुसला कंचा?"

राजेश्वरीला ते सांगणं जड गेलं. "सगळ्यात वरचा, आबा. 'सकाळी येतो.'"

सुहास माफी मागत राहिला, ती कुणी ऐकली नाही.

अमृतानं फोनमधला आपला मेसेज पुसला आणि कैलासचे तेच शब्द लिहून पाठवले. फोन वाजला. हौशीरामनं तो डोळ्यांजवळ धरला.

"शबूद त्येच हायेत, पोरी," तो म्हणाला. "पन वर त्याचं नाव न्हाई."