गुरुवारचा फेस

बाटली हातातून निसटली, टुपकन ओढ्यात पडली आणि वाहत वाहत थेट टोफूवाल्याच्या हौदात शिरली. पाणी तपासायला आलेल्या हात्सुमीचा गावातला हा पहिला पराक्रम!

हौदातल्या लठ्ठ माशानं बाटलीला ढुशी दिली. तेवढ्यात एका तरुणानं हात घालून ती उचलली.

"बाटली तुमची," तो हसून म्हणाला, "पाणी मात्र आमचं. ठेवू का परत?"

हात्सुमी कानापर्यंत लाल झाली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेली, "काय वास सुटलाय तळणीचा... तुमच्या अंगालासुद्धा येतोय!"

त्याचं हसू मावळलं. तो दोन पावलं मागं सरकला आणि पुढं तासभर लांबूनच बोलत राहिला. त्याचं नाव सोसुके.

त्यानंतर ती दर गुरुवारी दहाच्या ठोक्याला येऊ लागली. त्याच्या दुकानाच्या खालच्या अंगाला असलेल्या पुलाशी बाटली भरायची, ओट्यावर बसून गरम टोफू खायचा.

"नमुने घ्यायला येता, की मला बघायला?"

"माशाला बघायला! तो निदान फुशारक्या मारत नाही."

सगळं छान चाललं होतं... पण बाटल्या मात्र बोंबलत होत्या. सहाच्या सहा गुरुवारी पाण्यात साबण! या गावात घरोघरी झऱ्याचा हौद. खरकटी भांडी बुडवायची, शितं माशांनी खायची, आणि पाणी पुढच्या घरी जायचं. साबणाचा थेंब टाकणं म्हणजे शेजाऱ्याच्या ताटात थुंकणं!

"सातव्या बाटलीतही निघाला तर मला अहवालात 'मोठा धोका' लिहावं लागेल," ती म्हणाली. "मग टोफूसाठी हे पाणी बंद होईल, सोसुके."

तो पांढराफटक पडला. "तीन पिढ्यांचं दुकान आहे हो... कोण मेला टाकतो साबण? सापडू दे, तंगडी मोडतो त्याची!"

ती पुलाच्या पुढच्याच घरात राहणाऱ्या फुमिएकाकूंकडे गेली. इतर दिवशीच्या बाटल्या त्याच भरून ठेवत. त्या सगळ्या निर्मळ!

"अगं, पाणी चहाडखोर असतं," काकू म्हणाल्या. "वरच्या घरी काय शिजलं ते मला इथं कळतं. गुरुवारी सकाळी जाईच्या साबणाचा वास येतो. आता मला सांग, गुरुवारी गावात येतं कोण?"

"मी!"

"मग? की मीच सगळं सांगू?"

पुढच्या गुरुवारी हात्सुमी दहाऐवजी आठलाच पोचली. दुकानामागं ओढ्याच्या काठी सोसुके वाकून बसला होता. डोक्यावर पांढराशुभ्र फेस, कोपरापर्यंत फेस, आणि तोंडात गाणं. मासा बिचारा हौदाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता.

"सोसुके!"

तो धडपडून उठला. फेस डोळ्यांत गेला. "तुम्ही... आज... इतक्या लवकर?"

"तंगडी कुणाची मोडायची होती?"

"अहो, ओंजळभर तर साबण..."

"ओंजळभर! सात गुरुवार! आणि घरात न्हाणीघर नाही?"

"आमच्याकडे न्हातात रात्री! सकाळी न्हाणीघरात शिरलो तर आई विचारणार, कुणासाठी? मग दुपारपर्यंत गावभर." तो डोळे चोळत म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, अंगाला तळणीचा वास येतो..."

"अरे वेड्या! दोन गाड्या बदलून उपाशीपोटी आले होते मी त्या दिवशी! त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं होतं माझ्या!"

सोसुकेनं डोळे चोळणं थांबवलं. कानावरून फेस ओघळत होता.

"म्हणजे... आवडला होता?"

"वास आवडला होता," ती म्हणाली. मग बुटांकडे बघत हळूच, "...माणूसही."

तो पुढं सरकला. तिनं बोट रोखलं. "आधी आत जा. न्हाणीघरात! आणि आईनं विचारलं तर खरं सांगायचं."

"कुणासाठी म्हणू?"

"हात्सुमीसाठी."

तो गेला. आतून आईचा प्रश्न आला, त्याचं उत्तर आलं, आणि एक पातेलं खणकन पडलं. हात्सुमीनं ओट्यावर बसून अहवाल उघडला. खोटं लिहायचं नव्हतं, आणि लिहावंही लागलं नाही.

'साबणाचं कारण: तपासनिसाच्या येण्याचा वार ठरलेला असणं. धोका: किरकोळ. उपाय: तपासनिसानं वार न ठरवता, वरचेवर यावं.'